उमाकांतसाठी काडतूस

—नाही गं, कसलं दुखणं, काही नाही यांना. खांदा ठणठणीत, कंबर ठणठणीत, सकाळी उठून बाल्कनीत सूर्यनमस्कार घालतात, खालचा सुदानी वॉचमन रोज तोंड वर करून बघत बसतो — तर ज्ञानेशला सांग, तब्येतीचं काही नाही, बंदूक तीनशे पंच्याहत्तरच लिही म्हणावं. झालं? एवढंच विचारायला हा फॉर्म देऊन वर पाठवलं ना तुला? बस मग, उभी काय. तो बसेल गाडीत एसी लावून. शहाणा आहे हो तुझा नवरा, घरात पुरुषमाणूस नाही म्हणून स्वतः वर आला नाही, बायकोला पाठवलं — इथल्या अरबांच्या रीती बरोबर उचलल्यात त्यानं. आमचे हे गेलेत जुबैलला, प्लँटच्या आत मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळे आज काही फोन लागायचा नाही. आणि त्या आफ्रिकेतल्या शिकारीच्या फार्मवाल्याला आजच उत्तर हवंय. मग मी सांगते ना. या विषयात माझ्याइतकं कोणाला कळतं? दीड वर्ष झालं, या घरात दुसरं काही बोललंच जात नाही. भाजी काय करू विचारलं तरी उत्तर बंदुकीनं सुरू होतं.

चहा घे. वेलची जास्त झालीय, घे तरी.

तुला काडतूस म्हणजे काय कळतं का? मलाही नव्हतं कळत. मी आपली गोळी म्हणायची सगळ्यालाच. तर हे मास्तरासारखे — शर्मिला, गोळी म्हणजे नुसतं पुढचं टोक, अख्ख्या वस्तूला काडतूस म्हणतात, काडतूस निवडणं म्हणजे शिकार निवडणं. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर तेच. दोनशे त्रेचाळीस, तीनशे आठ, थर्टी-ऑट-सिक्स — आकडा मोठा तशी गोळी जाड, असं आपण धरून चालायचं. आता तिथं जाऊन मारायचं काय, तर हरणं. इम्पाला म्हणून एक असतं, आपल्या चितळाएवढं. कुडू म्हणून एक, शिंगं पिळाची, अंगानं घोडा. मग झेब्रा. आणि ते विल्डबीस्ट, ते मेलं चिवट, गोळी लागल्यावरही मैलभर धावतं म्हणे. पण यातल्या कशालाही थर्टी-ऑट-सिक्स भरपूर झाली, असं तो गोरा फार्मवाला लिहून लिहून थकला. वाचून दाखवलं ना ज्ञानेशनं? बघ. तीनशे पंच्याहत्तर असते गव्याला, हत्तीला. मग ह्यांना ती कशाला? तर अबू फहदकडे तीच आहे. मालकाकडे तीच, म्हणून यांना तीच. पाच माणसं घेऊन चाललेत अबू फहद शिकारीला, त्यात दोनच हिंदुस्थानी, तुझा नवरा आणि माझा, तर तेवढ्यावरच यांची छाती फुगलीय. तुझा ज्ञानेश सरळ आहे, त्यानं तीनशे आठ लिहून टाकलं आणि मोकळा झाला. यांचं तसं नाही. यांना मालकाच्या शेजारी उभं राहायचंय, मालकाएवढीच बंदूक घेऊन. आपली इथून न्यायची नाही, तिथं फार्मवरच भाड्यानं मिळते, म्हणजे विकत घ्यायचीही कटकट नाही. मग काय, माकडाच्या हातात कोलीत.

अगं, हा माणूस कोण? देशस्थाच्या घरातला. आमच्या सासूबाई अंड्याचा केक घरात आला की त्याची ताटली वेगळी ठेवायच्या, मोलकरणीलाही घासू द्यायच्या नाहीत. यानं आयुष्यात मारलं असेल काय, तर डास. झुरळ निघालं की मला हाक मारतो, बाथरूमच्या दाराशी उभा राहून, एक पाय वर. आणि हा आता झेब्रा मारणार.

हसतेस ना. मीही हसते. एकटी असले की जास्त हसते.

खरी गंमत सांगू? ती धक्क्यात आहे. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते ना, सगळा जोर खांद्यावर, गालावर. वर ती दुर्बीण बसवलेली असते डोळ्यापाशी, नीट धरली नाही तर भुवईवर आदळते, अर्धचंद्र उमटतो, टाके पडतात — फोटो आहेत त्यांचे, हेच मला दाखवायचे, बघ बघ, नवशिक्यांचं काय होतं. थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का सोसतो माणसाला. तीनशे पंच्याहत्तरचा तसा नाही, आडवा करतो. आणि फार्मवाला काय लिहितो, जो माणूस धक्क्याला भितो, तो चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मग गोळी लागते पोटात, जनावर पडत नाही, काट्याकुट्यातून रक्त सांडत जातं, आणि सगळ्यांना त्याच्यामागे हिंडावं लागतं. म्हणून छोटी घ्या, पण जागेवर मारा. किती सरळ गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी म्हणे सगळ्यांना पुठ्ठ्यावर नेम धरायला लावतात, एकेकाला, बाकीच्यांसमोर. खुर्च्या टाकून बसायचं, चहा प्यायचा आणि बघायचं कोणाला किती येतं. तर मी डोळ्यासमोर आणते — अबू फहद खुर्चीत बसलेत, त्यांचे दोघे भाऊ बसलेत, तुझा ज्ञानेश बसलाय, आणि आमचे हे ती तोफ घेऊन पुढे. ठो. पुठ्ठा तसाच, हे जमिनीवर. एवढं बघायला तरी मला न्यायला हवं होतं.

एवढा राग? हो, आहे. तुला वाटलं मी गंमत करतेय. थोडी करतच होते आत्तापर्यंत.

तू येऊन किती, सहा महिने झाले असतील इथे. तुला एक विचारते. तुझा पासपोर्ट कुठे आहे? माहीत नाही ना. कंपनीच्या कपाटात आहे, तुझ्या नवऱ्याच्या पासपोर्टला रबर लावून. आणि तुझ्या इकाम्यावर, इथं राहायच्या परवान्यावर, कफील म्हणून, जामीनदार म्हणून नाव कोणाचं? ज्ञानेशचं. सगळे म्हणतात आमचा कफील अबू फहद. तो यांचा. माझा कफील उमाकांत. मला या देशाबाहेर पाऊल टाकायचं तर एक्झिट-रीएंट्री, जाऊन परत यायचा व्हिसा काढायचा, आणि तो त्यानं सही केल्याशिवाय निघत नाही. चांगला नवरा असला तर हे लक्षातही येत नाही गं. मला दहा वर्षं आलं नव्हतं लक्षात. दर सुट्टीला पासपोर्ट घरी यायचे, आम्ही विमानात बसायचो, नाशिकला आई शेवया करून ठेवायची.

दीड वर्षापूर्वी, हिवाळ्यात, आई न्हाणीघरात पडली. वहिनीचा फोन आला, मंगळवार होता — शमाताई, निघा, डॉक्टर काही खरं सांगत नाहीत. मी याला सांगितलं, हा म्हणाला, करतो. मंदूबला सांगतो, उद्या दुपारपर्यंत शिक्का. मंदूब माहितीय ना, कंपनीची सरकारी कामं करणारा, तो हैदराबादी हफीज. मी बॅग भरली. आईला खजूर आवडायचे म्हणून बत्हाच्या बाजारातून आणलेले होते, ते वर ठेवले, म्हणजे कस्टमला दाखवायला बरे. बुधवारी दुपारी हा घरी आला तो बूट बदलायला. खाली जीप उभी. म्हणे अबू फहदच्या कॅम्पला चाललोय, वाळवंटात, बहिरी ससाणे घेऊन, दोन रात्री. मी म्हटलं, आणि माझं? म्हणाला, झालंय काम, सांगितलंय हफीजला, संध्याकाळी पासपोर्ट घरी पोचेल, तिकीट ट्रॅव्हल्सवाला धरून ठेवेल. गालावर थोपटलं मला. गेला.

संध्याकाळी कोणी आलं नाही. मी वाट बघितली, मग हफीजला फोन लावला. तो बिचारा गडबडला — भाभी, मेरे को तो साहब कुछ बोलेइच नहीं. आता तू सांग, गुरुवार-शुक्रवार सुट्टी, ऑफिसला कुलूप, कपाटाला कुलूप, आणि सही करणारा वाळूत बसलेला, फोनला रेंज नाही. मी कोणाच्या दाराशी जाऊ? टॅक्सीनं ओलायाला कंपनीच्या दारापर्यंत गेले होते, माहितीय? बंद काचेला नाक लावून उभी राहिले. कशासाठी, मलाही माहीत नाही. वहिनी फोन आईच्या कानाशी धरायची, आई विचारायची, शमी कुठवर आली? मी म्हणायची, विमानतळावर आहे आई, निघतेय. दोन दिवस मी विमानतळावर होते. शुक्रवारी दुपारी तिनं विचारणं बंद केलं.

संध्याकाळी हा आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात ससा, साफ केलेला, ससाण्यानं मारलेला. म्हणाला, अबू फहदनी मुद्दाम दिलाय, खाणार नाही आपण पण नाही कसं म्हणायचं. मी सांगितलं, आई गेली. त्यानं पिशवी सिंकमध्ये ठेवली. सोफ्यावर बसला, बूट काढले, वाळू झटकली, आणि म्हणाला — खलास, आता जाऊन काय करणार आहेस तू?

हो, अगदी हेच शब्द.

नाही, विसरला नव्हता. मीही तेच धरून बसले होते सुरुवातीला, की विसरला असेल, कामाचा माणूस. विसरला असता तर मी केव्हाच पोटात घातलं असतं गं, माणूस विसरतो. मला कळलं ते अबू फहदच्या मुलीच्या लग्नात. बायकांचा हॉल वेगळा, त्यांच्या बायकोनं, उम्म फहदनी मला जवळ बसवलं, त्यांचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं, म्हणाल्या, तुझ्या आईचं कळल्यावर माझे मिस्टर तुझ्या नवऱ्यावर फार रागावले. म्हणाले, दोन रात्री माझ्या शेजारी शेकोटीला बसला होतास, एक शब्द बोलला असतास तर मी गाडी परत फिरवली असती, मंदूबला घरून उठवून ऑफिस उघडलं असतं, आईपुढे काय आहे? बघ. जो परका तो असं बोलला. आणि माझा नवरा त्यांच्या शेजारी बसून कॉफी पीत होता. मी घरी येऊन याला विचारलं, का नाही बोललास? लपवलं नाही हां त्यानं, एवढं मान्य करते. म्हणाला, बोललो असतो तर ते म्हणाले असते तूही जा बायकोबरोबर, आणि मला पहिल्यांदाच बोलावलं होतं गं.

पहिल्यांदाच बोलावलं होतं. लग्नाची साडीसुद्धा बदलली नव्हती मी, तशीच उभी होते.

त्यानंतर मी भांडले नाही. माहेरीही बोलले नाही, भावाला सांगितलं व्हिसा मिळाला नाही, सरकारी घोळ. डबा करते, शर्टाला इस्त्री करते, कुडूबद्दल ऐकते. लोकांना वाटतं विसरले. अगं, त्याच्यासाठी तर व्हिसा कसा निघाला माहितीय? सकाळी अर्ज, संध्याकाळी दोघांचे पासपोर्ट टेबलावर. आईसाठी निघाला नाही, पण याच्या डोळ्यासाठी कसा फटकन निघाला, हफीज स्वतः आणून देऊन गेला, मीच हात धरून पुण्याला नेलं, एवढ्या पायऱ्या त्या हॉस्पिटलला आणि याच्या डोळ्यावर पट्टी—

काय?

कुठला डोळा? मी डोळा म्हटलं? काही नाही, डोळे आले होते. साथ होती.

बघू नकोस अशी माझ्याकडे. तू अजून लहान आहेस.

बरं. पडदा सुटला होता. डोळ्याचा आतला पडदा असतो ना, तो. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा, अशा लोकांना होतं म्हणे. ऑपरेशन करून बसवला. डॉक्टरनं मला खुर्चीत बसवून सांगितलं, वजन उचलायचं नाही, डोक्याला हिसका बसेल असं काही करायचं नाही, पुन्हा सुटला तर मग माझ्या हातात काही नाही. मी मुद्दाम विचारलं, डॉक्टर, बंदूक? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. हसून म्हणाले, अहो, युद्धावर पाठवताय का यांना? आणि यानं बाहेर आल्यावर मला बजावलं, कंपनीत बोलायचं नाही, शिकारीला नेणार नाहीत. बघ, इथंही तेच. न्यायला हवं, बाकी काही का होईना.

थेंब मीच घातले महिनाभर. मान मागे टाकून बसायचा, तोंड उघडं, लहान पोरासारखा, शर्मिला नीट घाल हं, खाली सांडतंय. मी नीट घातले. एकही चुकवला नाही. आणि प्रत्येक थेंबाला मनात म्हणायची, उमाकांत, जा तू आफ्रिकेला. मोठीच घे. मालकासारखी घे.

म्हणजे काय म्हणजे? कळलंय तुला. पण नीट ऐक, मी काही केलेलं नाही. तीनशे पंच्याहत्तर मी सुचवलेली नाही, ती त्यानं निवडली, त्याच्या तोंडानं ज्ञानेशला सांगितली. मी फक्त नको म्हणणार नव्हते. तूच वर आलीस विचारायला, काही दुखणंबिखणं, काही ऑपरेशन? आणि मी म्हटलं, काही नाही. एवढंच माझं काम होतं. त्यानं तरी माझ्या आईला काय केलं? हात लावला? नुसता गप्प बसला शेकोटीशी. मीही गप्प बसणार होते. फिट्टंफाट.

वेडी नाहीये मी. रागानं डोकंही फिरलेलं नाही. दीड वर्षात माझं डोकं इतकं शांत कधी नव्हतं जितकं या महिन्यात आहे. पुढच्या शुक्रवारी विमान आहे त्याचं, त्याची बॅग मी भरतेय, खाकी शर्ट मी आणलेत, आणि रोज मोजून बोलतेय, एक शब्द इकडेतिकडे नाही. आणि तू आलीस, चहा प्यायलीस, मान हलवलीस, बिचारी म्हणून बघितलंस, आणि माझी जीभ सुटली. आईबद्दल मी कोणाशी बोलले नव्हते ना. ते बोलायला लागले की मागचं सगळं येतं फरपटत. न बोलायचं काम, तेवढंही माझ्यानं झालं नाही. त्याला जमलं होतं बघ, दोन दिवस, दोन रात्री.

काय करतेस? खोडू नकोस. रूपाली, पेन खाली ठेव. ज्ञानेशला काय सांगणार आहेस? तो विचारेल, आकडा का बदलला. सांग की वहिनी म्हणाल्या तीनशे पंच्याहत्तरच. खोटं आहे का ते? मी म्हणालेच होते, दारात होतीस तेव्हा.

बरं, समजा तू गेलीस आणि सांगितलंस. डोळ्याचं सगळं. फार्मवाला देईल याला दोनशे त्रेचाळीस, ती बायकापोरांना देतात तसली, धक्का नसतो तिला म्हणे. किंवा देणारच नाही, बस म्हणेल जीपमध्ये कॅमेरा घेऊन. हसतील याला. हसू देत, मला आवडेल ते, पण ते पुरत नाही गं. माझी आई गेली आणि याला लोक हसले — हे बरोबरीत येतं का? तूच सांग. नाही येत.

आणि पुढचं तुला दिसत नाहीये. ज्ञानेश त्याला सांगणार, वहिनींनी वेळेवर सांगितलं म्हणून. हा दोन दिवस चिडेल माझ्यावर, दारं आपटेल. मग डॉक्टरला फोन करेल, डॉक्टर घाबरवेल, आणि मग याचा सूर बदलेल. मी ओळखते त्याला. येईल स्वयंपाकघरात, ओट्याशी उभा राहील, आणि म्हणेल, शर्मिला, तुझ्यामुळे डोळा वाचला माझा. पाणी येईल त्याच्या डोळ्यात, लगेच येतं त्याला. मग गणपतीला मंडळात सांगेल, पुण्याला बहिणींना सांगेल, अबू फहदना सांगेल, बायको असावी तर अशी, एवढं सगळं होऊनही तिनं मला सांभाळलं. एवढं सगळं होऊनही, असं म्हणेल तो. म्हणजे ते आईचंही मिटलं, त्याच्या मनातून पुसलं. आणि मी काय म्हणू तेव्हा? खरं सांगू? सांगता येईल मला? मान खाली घालून ऐकायचं, जन्मभर, त्याचे आभार.

वाजतोय तुझा फोन. ज्ञानेश असेल, घे. उचल ना.

...

सांगितलंस.

नाही, बरोबर केलंस, बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असते तर — असू दे. ती ओढणी घे तुझी. चप्पल बाहेर आहे, लिफ्ट खालीच अडकते, जिन्यानं जा.

हात सोड माझा. आणि तसं म्हणू नकोस, रूपाली. मी चांगली आहे असं म्हणू नकोस तू. जा.